वांगावर चिनी ‘सात पांढऱ्यां’चा लेप: काय लावावं, काय अजिबात लावू नये

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३८, नवऱ्याच्या नोकरीमुळे चीनमध्ये सूचौ शहरात राहता. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर काळपट चट्टे आले, ते गेलेच नाहीत. घरमालकीणबाई तुम्हाला चिनी औषधांच्या दुकानात घेऊन गेल्या आणि ‘सात पांढरी’ म्हणून सात वस्तू दळून आणल्या. ती पूड दुधात कालवून रोज रात्री अर्धा तास लावायची. नोव्हेंबरपासून लावताय, थोडं चुरचुरतं, पण चेहरा उजळ वाटतो. त्यांच्या सुनेने ऑनलाइन मागवलेली ‘डाग घालवणारी’ क्रीमची एक डबीही दिली आहे, ती तुम्ही अजून उघडलेली नाही. साताऱ्याहून आई म्हणतात, परकं काही लावण्यापेक्षा जायफळ उगाळून लाव. आणि मे महिन्यात तुम्ही इकडे येणार, तोवर चेहरा स्वच्छ व्हायला हवा.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. एमबीबीएस चीनमध्ये केलं. तिथे परदेशी विद्यार्थ्यांनाही पारंपरिक चिनी वैद्यक हा विषय असतो, त्यामुळे या औषधांची आणि पुड्यांवरच्या अक्षरांची ओळख आहे. मी त्या शास्त्राची वैद्य मात्र नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

‘चिनी औषधं चेहऱ्याला सुरक्षित असतात का?’ असं तुम्ही विचारलंय. याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण तुमच्या पुडीत सात वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतल्या दोन माझ्या पेशंटच्या वांगावर मी लावू देणार नाही, एकीबद्दल जपून राहायला सांगेन आणि उरलेल्या चारांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. डबीचा मामला पूर्ण वेगळा आहे. ती उघडू नका, कारण पुढे सांगते.

पण त्याआधी हे वांगच आहे ना, ते बघायला हवं. दोन्ही गाल, वरचा ओठ, बाळंतपणानंतर सुरुवात, तपकिरी रंग, नकाशासारख्या वेड्यावाकड्या कडा, असं असेल तर बहुतेक वांगच. मात्र तिथल्या बायकांमध्ये गालफडांवर निळसर-राखाडी ठिपके येणारा एक प्रकार बराच दिसतो, त्याला होरीचा नीवस म्हणतात. त्यात रंग त्वचेच्या खालच्या थरात असतो, तिथवर कुठलाही लेप पोचत नाही. लेझर लागतं. आपल्याकडे उलट राखाडी रंगाचा लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस पुष्कळ. तो गालावरून कानापुढे आणि मानेवर उतरतो, आणि त्याच्या मागे कधी केसांचा रंग असतो. सुगंधी क्रीम, टिकलीचा गोंद, भेसळीचं कुंकू यांच्या ॲलर्जीनेही चेहरा हळूहळू काळवंडतो, खाज फारशी नसतानासुद्धा. म्हणून एकदा त्वचातज्ज्ञाला दाखवा. सूचौच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात त्वचा विभाग असतो, डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावून बघायला पाच मिनिटं लागतात. पुढचं सगळं हे वांग आहे असं धरून लिहिते.

आता परंपरेकडे येऊ. घरमालकीणबाई ‘हजार वर्षांचा उपाय’ म्हणाल्या, ते खोटं नाही. चेहऱ्यावरच्या काळ्या डागांवरचे लेप आणि उटणी चिनी ग्रंथांत फार जुनी आहेत. सातव्या शतकातल्या सुन स-म्याओ या वैद्याने चेहऱ्याच्या औषधांवर वेगळं प्रकरणच लिहिलं. त्यात त्याची तक्रार अशी, की वैद्य ही सूत्रं इतकी जपून ठेवतात की बाप मुलालासुद्धा सांगत नाही, खरं तर ती घरोघरी माहीत असायला हवीत. (आजच्या ‘गुप्त राजघराण्याचा फॉर्म्युला’ विकणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवावं.)

तुमच्या कामाचा ग्रंथकार मात्र मिंग काळातला शल्यवैद्य छन श-कुंग. १६१७ च्या त्याच्या ग्रंथात काळ्या डागांवर एक छोटा परिच्छेद आहे. कारण त्याच्या भाषेत सांगतो: शरीरातलं पाणी कमी पडून अग्नी आवरेनासा होतो, रक्त दुबळं होतं आणि चेहऱ्यावर कोरडा काळेपणा साचतो. उपाय दोन. सकाळी मूत्रपिंडाचं बळ वाढवणाऱ्या गोळ्या पोटात घ्यायच्या, आणि सकाळ-संध्याकाळ ‘जेड चेहरा’ नावाच्या गोळीने डागांवर धुवायचं. पुढे लिहितो, बऱ्याच दिवसांनी हळूहळू फिकं होतं. वर पथ्यही आहे: चिंता आणि अतिश्रम टाळा. आपल्या सुश्रुतसंहितेत व्यंगाचं, म्हणजे वांगाचं, कारण राग आणि श्रम दिलंय, ते आठवावं इतकं हे जवळचं आहे.

यातलं ‘धुवायचं’ हे महत्त्वाचं. ती गोळी म्हणजे चक्क साबण होता. औषधांची पूड शिकेकाईसारखा फेस देणाऱ्या एका झाडाच्या शेंगांबरोबर कुटून वळलेली. १७४२ मध्ये छ्येनलुंग बादशहाच्या हुकमावरून तयार झालेल्या वैद्यकीय संग्रहात याच आजारावर ‘जेड चेहरा’ चूर्ण दिलंय. त्याची कृतीही अशीच: थोडीशी पूड तळहातावर घ्यायची, पाण्यात दाट कालवायची, चेहऱ्यावर चोळायची, काही वेळाने धुवून टाकायची, दिवसातून दोनदा. त्या चूर्णात तुमच्या सातांतली बहुतेक मंडळी आहेतच, शिवाय ससाणा, कबूतर आणि चिमणी यांची विष्ठाही आहे. परंपरेवर पूर्ण श्रद्धा असणाऱ्यांनी या शेवटच्या तीन वस्तूंचाही विचार करावा.

तेव्हा जुन्या वैद्यांचा मुख्य भरवसा पोटातल्या औषधावर आणि पथ्यावर होता, बाहेरचा भाग धुण्याचा. आजच्या चिनी वैद्यांचंही तेच. ते वांगाकडे यकृताची कोंडी, प्लीहेचा अशक्तपणा, मूत्रपिंडाची कमतरता अशा चष्म्यातून बघतात आणि साकळलेलं रक्त हे त्यातलं समान सूत्र मानतात. लेप त्यांच्या दृष्टीने दुय्यम. अर्धा तास चेहऱ्यावर सुकवत ठेवायचा मास्क ही ब्युटी पार्लरची पद्धत आहे. १९८० नंतर तिथे औषधी पूड लावून वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर देण्याचा प्रकार फार चालला. ते प्लास्टर घट्ट होताना गरम होतं आणि उष्णतेने वांग चिडतं. घरमालकीणबाई तिकडे घेऊन गेल्या तर नम्रपणे नाही म्हणा.

आता पुडी उघडू. तुम्ही पाठवलेली यादी अशी: बायझी, बायफुत्झ, बायजी, बायल्येन, बायझू, फूलिंग आणि ज्यांगत्सान. निवडीमागचं तत्त्व सरळ आहे, पांढऱ्याने पांढरं होतं. सगळ्या वस्तू दिसायला पांढऱ्या. दुकानागणिक यादी बदलते, कुठे मोत्याची पूड येते, कुठे पिओनी या फुलझाडाचं पांढरं मूळ.

बायझी म्हणजे अँजेलिका दाहुरिका या झाडाचं मूळ, चकत्या केलेलं, उग्र वासाचं. चेहऱ्याच्या चिनी औषधांत याच्याइतकं मानाचं दुसरं नाही. अडचण अशी की याच्यात फ्युरॅनोकुमॅरिन गटातली द्रव्यं आहेत, इम्पेराटोरिन आणि बर्गाप्टेन वगैरे. ही त्वचेत असताना उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण पडले तर ती पेशींच्या डीएनएला चिकटतात, त्वचा भाजल्यासारखी होते आणि बरी होताना काळी पडते. हातावर लिंबू पिळून उन्हात बसल्यावर जे काळे ओघळ उमटतात, त्यामागेही हीच द्रव्यं. आपल्याकडे कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावची लावून ऊन देतात, ती रंग आणण्यासाठी. त्याच कारणाने चिनी डॉक्टर बायझीसुद्धा कोडावर वापरतात. म्हणजे जे मूळ तुम्ही डाग उजळावा म्हणून लावताय, तेच तिथल्या दुसऱ्या विभागात डाग काळा व्हावा म्हणून लावलं जातं.

इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं खरंच बरंच आहे. ही द्रव्यं पाण्यात कमी विरघळतात, तेलात आणि अल्कोहोलमध्ये जास्त. पाण्यात कालवून लगेच धुतलेली पूड त्वचेत फार काही सोडत नाही. जुन्या वैद्यांच्या साबणाने फारसं बिघडत नसावं ते याच कारणाने. पण सायीच्या दुधात, मधात किंवा बदामतेलात कालवून अर्धा तास ठेवली की हिशेब बदलतो. रात्री लावते, मग ऊन कुठून येणार, असं तुम्ही म्हणाल. त्वचेत शिरलेला अंश दुसऱ्या दिवशी सकाळीही असू शकतो आणि यूव्हीए खिडकीच्या काचेतून आत येतो. सध्या तिकडे हिवाळा आहे म्हणून झाकलंय. हीच पूड तुम्ही मे महिन्यात साताऱ्याला लावली असती तर मला काळजी वाटली असती.

बायफुत्झ हा दुसरा. या नावाने दोन वेगळी झाडं विकली गेली आहेत. एक बचनागाच्या कुळातलं, अकोनिटम कोरियानम. दुसरं टायफोनियम जायगँटियम, आणि आज अधिकृत औषधकोशात हे दुसरंच आहे. हे अळू आणि सुरणाच्या घराण्यातलं. अळूची पानं चिरताना हाताला जी खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि याच्या कंदात तेच स्फटिक ठासून भरलेले. आपण अळूला चिंच लावतो, चिनी लोक हा कंद तुरटी आणि आल्याबरोबर भिजवून शिजवतात. तसा केलेला तो ‘शुद्ध’. कच्चा बायफुत्झ चीनच्या १९८८ च्या नियमावलीत विषारी म्हणून बंधन घातलेल्या २८ औषधांपैकी एक आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको. तुमच्या पुडीत कोणता आहे हे दळल्यावर बघून कळत नाही. पण तुम्हाला चुरचुरतंय. रोज.

याच चुरचुरण्यामुळे मी एवढं लांबवर लिहायला बसले. वांग असलेल्या त्वचेतल्या रंगपेशी आधीच उतावीळ असतात. ऊन, उष्णता, घासणं, जळजळ, कशानेही त्या आणखी रंग तयार करतात. गोऱ्या कातडीवर जी जळजळ लाल होऊन दोन दिवसांत जाते, ती आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर महिनोन्महिने टिकणारा काळा ठसा सोडते. ‘चुरचुरतंय म्हणजे काम करतंय’ हा समज घरमालकीणबाईंचा असेल, आपल्या आत्या-मावश्यांचाही आहे. वांगाच्या बाबतीत तो घातक आहे. कुठल्याही लेपाची परीक्षा मी याच एका प्रश्नावर करते: याने त्वचा चिडते का, आणि याने ती उन्हाला जास्त हळवी होते का? तो कुठल्या देशाचा, किती जुना आणि पांढरा की काळा, हे त्यानंतर.

या कसोटीवर बाकीचे पटकन उरकतात. बायजी हा एका ऑर्किडचा कंद, पाण्यात चिकट होतो, त्वचेला गुळगुळीतपणा देतो. फूलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, पीठच म्हणा. बायल्येन आणि बायझू ही मुळं, सौम्य. ज्यांगत्सान म्हणजे बुरशीच्या रोगाने मेलेले, खडीसारखे कडक झालेले रेशीमकिडे. ते बहुतेकांना काही करत नाहीत, पण रेशीमकिड्याच्या प्रथिनांची ॲलर्जी असते. दमा किंवा शीतपित्ताचा त्रास असेल तर ते टाळा. आणि सातांपैकी कुठलीही वस्तू संशय यावा इतकी पांढरीशुभ्र असेल आणि आंबट, नाकात चढणारा वास येत असेल, तर तिला गंधकाची धुरी दिलेली असण्याची शक्यता असते. ती परत करा.

मग चेहरा उजळ का वाटतो? धुतल्यावर बघा: बायजीच्या चिकाने त्वचा ओलसर आणि तुकतुकीत झालेली असते, बारीक पांढरी पूड रंध्रांत बसलेली असते, वरची मृत कातडी थोडी निघालेली असते. हा उजाळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरतो. दुसरं कारण नोव्हेंबर. वांग हिवाळ्यात आपोआप फिकं होतं आणि उन्हाळ्यात परत गडद होतं. नोव्हेंबरात सुरू केलेलं कुठलंही औषध फेब्रुवारीपर्यंत गुणकारी ठरतं. खरं बघायचं असेल तर मोबाइलवर एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, काही न लावता महिन्यातून एक फोटो काढा आणि चेहऱ्याचा उजळपणा न बघता डागाची कडा बघा. कडा विरली तर फरक पडला.

अभ्यास झालेत का? पुष्कळ, चिनी रुग्णालयांत. पण बहुतेकांत लेपाबरोबर पोटात काढा, कधी ॲक्युपंक्चरच्या सुया, कधी लेझर असं सगळं एकदम दिलेलं असतं, आणि कोणाला काय मिळालं हे डॉक्टर-पेशंट दोघांनाही माहीत असतं. मग श्रेय लेपाचं किती, ते निघत नाही. या मुळांचे अर्क प्रयोगशाळेत टायरोसिनेज या रंग बनवणाऱ्या एन्झाइमला रोखतात हे बरोबर आहे. पण काचेच्या नळीतलं एन्झाइम आणि कातडीच्या थराखालची जिवंत पेशी यांच्यात मोठं अंतर आहे. दळलेल्या पुडीतलं फारच थोडं तो थर ओलांडतं. जेष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन किंवा दुसऱ्या झाडांतलं आर्ब्युटिन यांसारखी द्रव्यं वेगळी काढून, योग्य प्रमाणात, टिकाऊ क्रीममध्ये घातली तर थोडा उपयोग होतो. जेष्ठमध चिनी वैद्यकात पुष्कळ काढ्यांत असतो, पण काढ्यातला आणि क्रीममधला जेष्ठमध एकाच कामाचे नसतात.

आता ती डबी. झटपट डाग घालवणाऱ्या अनोळखी क्रीममध्ये दोन गोष्टी हमखास निघतात, पारा आणि स्टेरॉइड. पाऱ्याची परंपराही जुनीच आहे. चेहऱ्याच्या जुन्या चिनी औषधांत पाऱ्याचं क्षार, शिशाची पांढरी पूड, मुरदाडशिंग सर्रास. छन श-कुंगच्या त्या साबणातही मुरदाडशिंग आहे, म्हणजे शिसंच. पारा टायरोसिनेजला खरंच अडवतो, म्हणूनच एक-दोन आठवड्यांत फरक दिसतो आणि बाई दुसरी डबी मागवते. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळात कोट्टक्कलच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना काही वर्षांपूर्वी लघवीतून प्रथिनं जाणारे, अंगावर सूज असलेले पेशंट एकामागोमाग दिसू लागले. नेल-१ नावाच्या प्रथिनाशी जोडलेला एरवी दुर्मीळ असणारा मूत्रपिंडविकार त्यांना झालेला होता आणि बहुतेकांच्या घरी गोरेपणाची क्रीम निघाली. क्रीम लावणारी एकटीच नाही, तिचा टॉवेल वापरणारी आणि तिच्या गालाला गाल लावणारी मुलंही पाऱ्याच्या संपर्कात येतात. तुमची दोन लहान आहेत.

चीनचा कायदा यात ढिला नाही. सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याची मर्यादा किलोमागे १ मिलीग्रॅम, शिशाची १०. डाग घालवण्याचा किंवा उजळवण्याचा दावा करणारं प्रसाधन तिथे ‘विशेष’ गटात मोडतं आणि त्याला सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या नियमांतही ते कायम आहे. तो क्रमांक तिथल्या औषध प्रशासनाच्या अधिकृत ॲपवर टाकून बघता येतो. क्रमांक नसेल, ॲपवर दुसऱ्याच मालाचं नाव येत असेल, किंवा डबीवर ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना (ही पाऱ्याची खूण) असेल, तर ती कचऱ्यात टाकायची वस्तू आहे. स्टेरॉइडचं लक्षण वेगळं: लावताय तोवर चेहरा लोण्यासारखा, थांबवलं की लाल, आग होणारा, पुटकुळ्यांनी भरलेला. अशा चेहऱ्याला चिनी लोक ‘हार्मोन चेहरा’च म्हणतात. आपल्याकडेही मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या तीन औषधांच्या मिश्र क्रीमने हेच केलंय, तेव्हा यात चीनला एकट्याला बोल लावायचं कारण नाही.

तुमच्या जागी माझी पेशंट असती तर मी काय केलं असतं ते सांगते. पूड तीन आठवडे पूर्ण बंद. चेहऱ्याला साधा फेसवॉश आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर, बास. चुरचुर थांबली पाहिजे.

त्याच दिवसापासून सनस्क्रीन, आणि तेही रंगीत. वांगाला यूव्ही किरणच नव्हे तर डोळ्यांना दिसणारा उजेडही, त्यातला निळा-जांभळा भाग, काळं करतो. साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही, आयर्न ऑक्साइड घातलेलं त्वचेच्या रंगाचं अडवतं. २०१४ मध्ये मेक्सिकोत झालेल्या एका अभ्यासात दोन्ही गटांना एकच औषध दिलं, फरक फक्त सनस्क्रीनचा. आयर्न ऑक्साइडवाल्या गटाचं वांग जास्त उतरलं. एसपीएफ ५० आणि पीए++++ असं लिहिलेलं घ्या, दोन बोटांवर भरेल इतकं लावा, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. आणि घरमालकीणबाईंकडून काही उचलायचंच असेल तर त्या इलेक्ट्रिक स्कूटरवर बसताना घालतात ती रुंद झापडीची टोपी आणि तोंडावरचं कापड उचला. उन्हापासून चेहरा वाचवण्यात तिकडच्या बायका आपल्या शंभर पावलं पुढे आहेत.

त्यावर औषध. सुरुवात मी ॲझेलाइक ॲसिडने करते, हळू पण खात्रीचं. ते पुरेसं नसेल तर हायड्रोक्विनोन, ठरावीक आठवडे, देखरेखीखाली. पोटात ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या चिनी डॉक्टर वांगाला भरपूर देतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण ज्यांना कधी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांना मी देत नाही. मे महिन्यापर्यंत चेहरा पूर्ण स्वच्छ होईल असं आश्वासन मी देणार नाही. तीन महिने नीट केलं तर लांबून न दिसण्याइतका फिका होऊ शकतो. बरं झालेलं वांगही एका कडक उन्हाळ्यात परत येतं, त्यामुळे सनस्क्रीन मात्र आयुष्यभर.

आणि लेप लावायचाच असेल, शेजारधर्म म्हणून किंवा हौस म्हणून, तर असा लावा. दुकानात जाऊन बायझी आणि बायफुत्झ वगळून पूड नव्याने दळून घ्या. दुकानदार हसेल, म्हणेल ही दोनच तर मुख्य. हसू द्या. बारीक चाळणीने चाळा, खरखर राहिली तर घासलं जातं. आधी कानामागे आठवडाभर रोज लावून बघा. मग साध्या पाण्यात कालवून आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, रात्री, दहा मिनिटं, सुकायच्या आत ओल्या हाताने सोडवून धुवा. तिकडे व्हिनेगर घालायचा सल्ला देतात, आपल्याकडे लिंबाचा. दोन्ही नाही. गरोदर राहण्याचा विचार असेल तर तेवढेही दिवस लेप-बिप काही नको.

आईंच्या जायफळाबद्दल: सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ आपल्याकडचा पहिला उपाय, आणि माझ्याकडे गालावर काळ्या वळ्या घेऊन येणाऱ्यांत ते लावलेल्या बायका असतात. त्यातली सुगंधी तेलं नाजूक त्वचेला झोंबतात. कसोटी तीच. आईंना काहीतरी लावल्याचं समाधान द्यायचं असेल तर मसूर डाळीचं मऊ पीठ दुधात कालवून लावा, न घासता.

आता मला तीन गोष्टी कळवा: गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू वापरता का, केसांना रंग लावता का आणि कधीपासून, आणि त्या डबीच्या मागच्या बाजूचा फोटो. सुनेने ती क्रीम स्वतः लावली असेल तर तिला लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्यायला सांगा. तिथे ती कुठल्याही दवाखान्यात होते.